केराबाईच्या मागची पाटी

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची पाटी आहे. शाळेतली नव्हे आणि दुकानावरचीही नव्हे. गाडी शिकणाऱ्याच्या गाडीला पुढे आणि मागे पांढऱ्यावर लाल एल लावतात ना, त्यातली मी मागची. इतर पाट्यांचं बरं असतं. त्या मालकाचं नाव सांगतात, धंदा सांगतात, प्रोप्रायटर कोण तेही सांगतात. मी मात्र साऱ्या सोलापूरला एकच गोष्ट सांगत फिरले, की या बाईला अजून गाडी येत नाही. त्यात आमचं नशीब असं उफराटं, की मालकाला विद्या आली की आमची गच्छंती ठरलेली. मालक ढ निघाला तर आमची नोकरी कायम, हुशार निघाला तर आम्ही भंगारात.

जन्माने मी गोडेतेलाच्या डब्याचं झाकण. शुक्रवार पेठेतल्या चन्नवीर पेंटरने मला माणसांत आणलं. एके काळी पेठेतल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्याच्या हातच्या होत्या. मग फ्लेक्स आले आणि त्याचे ब्रश डब्यात वाळत पडले. म्हणून केराबाई आपल्या सुनेला, सोनमला घेऊन एलच्या दोन पाट्या मागायला आली, तेव्हा चन्नवीर उपाशी माणूस ताटावर बसावा तसा कामाला बसला. एल साधाच हवा, तसा नियमच आहे. त्याने एलला पिवळी सावली दिली, चारी कोपऱ्यांत वेली सोडल्या आणि खाली जागा उरली म्हणून 'शुभ लाभ' लिहायला घेतलं. सोनमने त्याचा हात धरला म्हणून निभावलं.

"आयतु, तायी, झालं बघा," ब्रश पुसत तो म्हणाला. "आता पोलीस बी थांबून बघतील."

त्याचं हे बोलणं पुढे खरं ठरलं, पण ते नंतर सांगते.

केराबाई ही धुळा धनगराची बायको. माणसं मूळची सांगोल्याकडची. मुलगा जोतिराम ट्रकवर ड्रायव्हर. घरातला सगळ्यात मोठा परवाना त्याचा आणि घरात सगळ्यात कमी दिसायचा तोच. धुळाची मेंढरं शहराबाहेर शेतकऱ्यांच्या रिकाम्या रानात खतासाठी बसायला असत. आज देगावच्या पलीकडे, चार दिवसांनी आणखी कुठे. तिथे बस जात नाही आणि रिक्षावाला म्हणतो, मेंढरं तिथनं उठली की सांगा. त्यामुळे धुळाची भाकरी रोज सोनम मोपेडवरून पोचवायची. सोनम अकलूजची, कॉलेजात असतानाच परवाना काढलेली.

आणि नेमकी त्या सोनमला नव्या पेठेतल्या साड्यांच्या दुकानात नोकरी लागली. अक्षय्य तृतीयेपासून यायचं, असं शेठजींनी सांगितलं.

"मग मामांच्या भाकरीचं काय?" सोनम म्हणाली. "मला जमणार नाही म्हणून कळवते मी त्यांना."

केराबाईची थापायची भाकरी हातावरच राहिली. "काय बी कळवू नगंस. गाडी मी शिकते."

"तुम्ही?"

"व्हय, मी. माझं पाय मेंढरामागं झिजलं. तू तरी पंख्याखाली बस की दोन घटका."

मित्रांनो, एवढ्याशा बोलण्यातून माझा जन्म झाला. तेव्हा मी कुणाच्या नोकरीसाठी जन्माला आले, हे मी कधी विसरले नाही. केराबाई पास झाली तर सोनम दुकानात जाणार, नाहीतर भाकरीचं गाठोडं पुन्हा सोनमच्याच गळ्यात. बातमी रानात पोचली तेव्हा धुळा एवढंच म्हणाला, "तू शिकंपातुर मी उपाशी मरंन की."

शिकाऊ परवान्याची परीक्षा केराबाईने कॉम्प्युटरसमोर बसून दिली. ती मी पाहिली नाही, तेव्हा मी अजून झाकणच होते. पण तिच्या तोंडून ती कथा मी इतक्यांदा ऐकली आहे, की मलाच पास झाल्यासारखं वाटतं. रस्त्यावर जनावरांचा कळप आडवा आला तर चालकाने काय करावं, असा प्रश्न पडद्यावर आला. थांबावं, हे बटण तिने दाबलं आणि मग तिथल्या बाईंना विचारलं, की हे सगळ्या ट्रकवाल्यांना विचारता का, आणि विचारता तर मग ते थांबत का नाहीत? बाईंकडे त्याचं बटण नव्हतं.

शिकाऊ परवाना मिळाला की गाडी हाकायला मोकळीक मिळते, असं केराबाईला वाटलं होतं. नियम म्हणाला, थांबा. पुढे पाटी, मागे पाटी. दोघांच्या डोक्यावर हेल्मेट. आणि मागच्या सीटवर पक्का परवाना असलेला शिकवणारा माणूस, दुसरं कुणी नाही. जोतिराम तेव्हा ट्रक घेऊन हैदराबादकडे. म्हणजे शिकवणारं माणूस घरात एकच उरलं. सासू पुढे आणि तिला हुकूम सोडायला सून मागे.

हा कायदा शुक्रवार पेठेला फार आवडला. शेजारची मल्लव्वा रोज सकाळी दारात खुर्ची टाकून बसायची. "ब्रेक," सोनम म्हणायची. "अहो आत्या, ब्रेक. तो हॉर्न आहे." आणि मल्लव्वा कपाळाला हात लावून म्हणायची, "माझ्या लग्नात कुटं गेलता ह्यो कायदा?"

माझं तोंड कायम मागे. पुढचं सगळं माझ्या जुळ्या बहिणीला दिसायचं. तिने पहिल्याच दिवशी केळ्यांच्या गाड्याचा मुका घेतला, तेव्हापासून तिचा एल जरा कण्हल्यासारखा दिसतो. मला दिसायचे ते मागून हॉर्न वाजवणारे. काय त्यांचे चेहरे वर्णावेत. जणू स्वतः आईच्या पोटातून चौथ्या गिअरमध्ये बाहेर पडले होते.

आता आमच्या दोघींच्या खोडी सांगते, माझी आणि केराबाईची. माझ्या एका स्क्रूचं भोक चन्नवीरने मोठं पाडलं होतं. त्यामुळे गाडीला जरा हिसका बसला की मी खडखडायची. सोनमला त्या खडखडाटाचा वैताग. आणि केराबाईची खोड अशी, की दर थोड्या अंतरावर ती मान वळवून मागे बघायची आणि विचारायची, "हायस का?"

"आहे हो आत्या," सोनम म्हणायची. "जाणार कुठे? पुढं बघा."

पण ती खोड आजची नव्हती. मेंढरांपुढे चालणारं माणूस सतत मागे बघतं. एखादं कोकरू मागे राहिलं का, कुणी बाभळीत अडकलं का. परकरात बापाच्या मेंढरांपुढे चालायची तेव्हापासून केराबाईची मान अशीच वळत आली. मोपेडला आरसा होता, पण त्यावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. "आरशात बघून कुणी मेंढरं मोजतं का?" ती म्हणायची. मान वळली की हात वळे, हात वळला की गाडी वळे, आणि गाडी वळली की केराबाई पाय टेकवून ती सावरी. सोनम मागे होती तोवर निभावत गेलं.

एकदा मात्र चन्नवीरचं भाकीत खरं झालं. रानात एक कोकरू आजारी पडलं आणि त्याला शहरात जनावरांच्या दवाखान्यात आणायचं ठरलं. केराबाई पुढे, सोनम मागे, आणि सोनमच्या मांडीवर घोंगडीत गुंडाळलेलं कोकरू. नव्या पेठेच्या तोंडाशी सयाजी हवालदारांनी शिट्टी मारली. सयाजी वाहतूक शाखेचे, नियमाला पक्के, पण माणूस सज्जन. आधी त्यांनी खरंच थांबून मला न्याहाळलं.

"ही एलची पाटी हाय का लग्नाची पत्रिका?" ते म्हणाले. मग पुढे जाऊन केराबाईकडे बघितलं आणि बघतच राहिले. तिने हेल्मेट घातलं होतं, आणि हेल्मेटवरून पदर घेतला होता.

"मावशी, हेल्मेटवर पदर कशाला?"

"डोकं झाकाय नगं व्हय?"

"हेल्मेटनं झाकलंय की."

"ते पोलिसासाठी. पदर माणसांसाठी."

सयाजींनी हा अपमान गिळला. सोनमचा परवाना बघितला, तो ठीक होता. मग घोंगडी हलली आणि आतून आवाज आला. सयाजींनी घोंगडी वर केली.

"शिकाऊ गाडीवर शिकवणाऱ्याशिवाय तिसरं कुणी चालत न्हाय."

"त्ये कुणी न्हाय, कोकरू हाय," केराबाई म्हणाली.

"मग एकजण खाली उतरा आन् त्याला घेऊन चालत जावा."

इथे खरी गंमत झाली. सोनम कोकरू घेऊन उतरली, तर मागे शिकवणारं कुणी नाही, म्हणजे केराबाईने गाडी हलवली की गुन्हा. केराबाई कोकरू घेऊन उतरली, तर उन्हाच्या त्या तापात तिला दवाखान्यापर्यंत चालत जावं लागणार. दोघींना बसवून कोकरू सयाजींकडे ठेवावं, तर कोकराने तोवर त्यांच्या शिट्टीची दोरी चघळायला घेतली होती. वाघ, शेळी आणि गवताचा भारा नदीपार न्यायचं कोडं आपण लहानपणी सोडवलेलं असतं. सयाजी त्या कोड्यात भर चौकात उभे होते आणि मागे रिक्षांची रांग लागली होती.

शेवटी तेच म्हणाले, "सूनबाई, पक्का परवाना तुमचा. तुमी चालवा. मावशी मागं बसतील, कोकरू मांडीवर. शिकणंच न्हाय, तर शिकाऊचा नियम लागत न्हाय." आणि रिक्षांना हात दाखवत घाईने बाजूला झाले.

केराबाईने हेल्मेटवरचा पदर पार नाकापर्यंत ओढून घेतला. मलाही मेल्याहून मेल्यासारखं झालं. हुशार माणूस गाडी चालवतोय आणि मी मागे लोकांना खोटं सांगतेय. कोकरू मात्र जगलं.

महिना सरला आणि पक्क्या परवान्याची परीक्षा आली. मैदानात जमिनीवर मोठा आठ आखलेला. त्यावरून गाडी फिरवायची, पाय टेकवायचा नाही. आणि इथे मागे कुणी बसायचं नाही. केराबाई महिनाभरात पहिल्यांदाच एकटी बसली. गाडी सुटली. मला मागे सोनम दिसत होती, हात जोडून उभी, लहान लहान होत जाणारी. आठाचं पहिलं वेटोळं झकास झालं. मध्यावर गाडी आली आणि केराबाईला मागची सीट हलकी लागली. तिची मान वळली.

"हायस का?"

उत्तर आलं नाही. पाय टेकला.

"मावशी, नापास," परीक्षा घेणारे साहेब म्हणाले. "आठवड्यानं परत या."

"पाय टेकला तर काय झालं? पडले तर न्हाय."

"तुम्ही पडला असता तर मीच धरलं असतं. पण टेकलाय की."

घरी आल्यावर सोनमने फोन हातात घेतला. शेठजींना नकार कळवायचा, म्हणून. केराबाईने तो तिच्या हातातून काढून पिठाच्या डब्यात टाकला. "अजून आठ दिस हायेत," ती म्हणाली आणि तोंड फिरवून भाकरी थापायला बसली. तिचे डोळे चुलीने लाल झाले असं सोनम समजली असेल, पण त्या घरी गॅस होता. मला दारातून सगळं दिसत होतं. त्या दिवशी मला माझ्या नोकरीची लाज वाटली. ती टिकावी असं मला मुळीच वाटत नव्हतं.

मग सोनमला कल्पना सुचली. रस्त्यावर एकटीने चालवायचं नाही, पण धुळाची मेंढरं बसलेलं रान काही रस्ता नव्हे. शेताच्या मालकाला विचारून तिथे सराव सुरू झाला. धुळाने राख टाकून आठ आखला. तो आखताना त्याने चार वेळा सांगितलं, की हे काही जमायचं नाही. मेंढरं कडेने बसून रवंथ करत बघायची. केराबाई एकटी निघायची, मध्यावर यायची, "हायस का?" म्हणायची आणि पाय टेकवायची. धुळा हसायचा आणि मेंढरं गप्प बसायची. त्या मेंढरांनाच जास्त अक्कल होती.

तिसऱ्या दिवशी सोनम म्हणाली, "आत्या, मागं कुणी नाही असं का समजता? पाटी आहे की. तिचं तोंडच मागं आहे. मागचं ती बघते, पुढचं तुम्ही बघा."

केराबाई उतरली, मागे आली आणि मला पहिल्यांदाच नीट निरखून बघितलं. मग गाडीवर बसली. मध्यावर आली. "हायस का?" तिने विचारलं, पण मान वळवली नाही. ढेकळावर चाक उडालं आणि मी खडखडले. केराबाई हसली आणि दुसरं वेटोळं पुरं झालं.

मित्रांनो, ज्या खडखडाटापायी मी महिनाभर शिव्या खाल्ल्या, त्याची कुणाला गरज असेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. पुढच्या सगळ्या दिवसांत तिने विचारावं आणि मी सांगावं. एकदाही पाय टेकला नाही.

अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी परीक्षा. सकाळी आम्ही भाकरी द्यायला रानात थांबलो. दोघी डबा सोडत होत्या तेवढ्यात धुळा हळूच माझ्यामागे आला. इतके दिवस हसणारा हा माणूस, त्याने कंबरेची लोकरीची दोरी काढली आणि मला गाडीला घट्ट आवळून टाकलं. "सायबाम्होरं वाजू नगंस," तो माझ्या कानात म्हणाला. "माजी बायकू हाय ती."

चांगल्या मनाचा माणूस किती नुकसान करू शकतो, याचं मला त्या दिवशी ज्ञान झालं. मी आवळलेली, मुकी. मैदानात गाडी सुटली. पहिलं वेटोळं झालं. मध्य जवळ आला. "हायस का?" केराबाई हळूच म्हणाली. मी सगळा जीव एकवटला. काही नाही. मैदान गुळगुळीत, दोरी घट्ट. तिचे खांदे आखडले. मान वळू लागलेली मला कळली.

पण धुळा धनगर आहे. आयुष्यभर त्याने कोकरांच्या गळ्यात दोरी बांधली, आणि कोकराला फास लागू नये म्हणून तो निरगाठ कधीच मारत नाही. त्याचा हात सुरगाठीचाच. ओढ बसली की सुटणारी. शहरभर हिसके खाऊन ती आधीच सैल झाली होती. गाडी वळणात कलली, मी अंग टाकलं, गाठ सुटली आणि मी आयुष्यात कधी वाजले नव्हते एवढी वाजले.

"आन् हायस तर मग बोलायचं की लगीच," केराबाई म्हणाली आणि सरळ पुढे गेली.

"मावशी, पास," साहेब म्हणाले. "आणि ती पाटी आता काढा. फार वाजते."

सोनमने जागीच मला सोडलं. ती रडत होती आणि हसत होती, आणि केराबाई तिला म्हणत होती की रडायचं तर दुकानात रड, पंख्याखाली. दुसऱ्या दिवशी सोनम नव्या पेठेत साड्या उलगडत होती. दोन-चार दिवस धुळा शेताच्या मालकाकडे जेवला. मग परवाना हातात आला आणि केराबाई भाकरी घेऊन एकटी निघाली. नव्या पेठेच्या तोंडाशी सयाजींनी शिट्टी मारलीच. "शिकवणारी कुठाय?" "नोकरीवर." सयाजींनी परवाना उलटसुलट बघितला आणि पहिल्यांदा सलाम ठोकला. पदर अजूनही हेल्मेटवर होता, तेवढं त्यांनी पाहिलं नाही असं दाखवलं.

मी तेव्हा भाकरीच्या पिशवीत होते. केराबाईला मला टाकवलं नाही. रानात पोचल्यावर तिने मला बाहेर काढून बाभळीला टेकवून ठेवलं. जेवून झाल्यावर धुळा माझ्याकडे बघत राहिला. मग मोपेडकडे. मग पुन्हा माझ्याकडे.

"लई अवघड असतंय का गं?" त्याने विचारलं.

केराबाई सावकाश म्हणाली, "शिकवणारं मागं लागतं. आन् ते सांगंल तसं ऐकाय लागतं."

महिन्याच्या आत मी पुन्हा कामावर रुजू झाले. रंग उडाला आहे, वेली गेल्या आहेत, पण एल शाबूत आहे. धुळाचा लाल पटका हेल्मेटखाली मावत नाही, म्हणून तो शिकताना पटका केराबाईच्या मांडीवर असतो आणि तो बोडक्या कपाळाने जरा बावरलेला दिसतो. लग्न झाल्यापासून धुळा कळपाच्या पुढे चालला आणि केराबाई मागे. मागे वळून मेंढरं त्याने हजार वेळा मोजली असतील. मागे चालणाऱ्या बाईला कधी काही विचारल्याचं तिला आठवत नाही. काल देगावच्या रस्त्याला पहिल्यांदाच गाडीने जरा वेग घेतला, आणि त्याची मान वळू लागली.

"हायस का?"

"हाय," केराबाई म्हणाली. "तुमी फुडं बघा."

मी खडखडले नाही. मधे बोलायची ती वेळ नव्हती.

म्हणून एवढंच मागणं आहे, मित्रांनो. रस्त्यात पुढच्या गाडीला माझ्यासारखी पाटी दिसली, तर घाईने हॉर्न वाजवू नका. पुढचं माणूस मागच्याला काहीतरी विचारत असेल. त्याला उत्तर ऐकू येऊ द्या.